बर्नलीची गिरणी

मँचेस्टर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

शनिवारी बर्नलीला जाऊन आले. तिथे हार्ल साइक नावाच्या वस्तीत क्वीन स्ट्रीट मिल आहे. उंच चिमणी, आणि जरा पुढे गेलं की मेंढ्यांची कुरणं. लालबागच्या माणसाला गिरणीशेजारी मेंढरं काही पचत नाहीत!

आत मात्र, बाबा, तुम्हाला कुणी काही समजावून सांगायला नको. साचेखात्यात कापड विणायचे लँकेशायरचे साचे ओळीने उभे, जवळजवळ ३००. छताखाली शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक साच्याला चामड्याचा पट्टा, आणि हे सगळं ओढायला वाफेचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन. तिथल्या बाईंनी मोजकेच साचे चालू केले तर पायाखालची जमीन थरथरायला लागली. सगळे चालत तेव्हा इथल्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरूनच एकमेकींचं बोलणं ओळखायच्या. आई, बाबा घरात एवढे ओरडून का बोलतात म्हणून तू आजवर कटकट केलीस ना? एकदा त्या खात्यात उभी राहा.

आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायचं, म्हणे. एकीचा धोटा दुसरीच्या तोंडी, त्यातून आजार पसरायचे. तुमच्याकडेही असंच होतं का? कधी बोलला नाहीत.

ही गिरणी बंद पडली १९८२ साली. ते साल ऐकून चटकाच बसला. त्याच जानेवारीत तुमचा संप सुरू झाला होता. यांची हिंदुस्थानची बाजारपेठ पहिल्या महायुद्धानंतर जायला लागली, त्यात आपल्या मुंबईच्या गिरण्यांचाही हात होता. पण शेवटी दोघांचे भोंगे एकाच सुमाराला थांबले. फरक एवढाच की इथे साचे तेलपाणी करून ठेवलेत आणि तुमच्या खात्याच्या जागी टॉवर आहे. अर्थात इथेही सगळं गोड नाही. २०१६ मध्ये कौन्सिलने पैशांअभावी हे संग्रहालय बंद केलं होतं, नंतर पुन्हा उघडलं.

आई, तुला यंत्रांचा कंटाळा येईल, म्हणून तुझ्यासाठी सॉल्टेअर ठरवलंय. टायटस सॉल्टने १८५३ मध्ये तिथे गिरणी काढली आणि कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. घरं, शाळा, इस्पितळ, सगळं दिलं, फक्त दारूचा गुत्ता नाही. गिरणीत आता चित्रं लावलीत, बाजूने कालवा वाहतो.

बाबा, पासपोर्टचं नूतनीकरण या आठवड्यात करून घ्या. व्हिसाचे कागद मी इथून पाठवते. आणि गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही.

तुमची,
सुमा