शुगरचा आकडा पोरांच्या मोबाइलवर

संपादक महोदय,

दंडावर लावायचा तो शुगरचा सेन्सर आता बऱ्याच घरांत दिसतो, साधारण दोन आठवडे चालतो, आकडा थेट मोबाइलवर, शिवाय लिब्रेलिंकअपसारख्या ॲपमधून तो मुलगा-सून, केअरटेकर सगळ्यांना दिसतो. इन्सुलिनवर असलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची शुगर रात्री ७० च्या खाली गेली तर कुणाला तरी कळलंच पाहिजे, त्यात वादच नाही. पण आमच्याकडे काय होतं, जेवणानंतर आकडा १९० झाला की लगेच बंगळूरहून फोन, "बाबा, आंबा खाल्लात ना?" अहो, जेवल्यावर शुगर थोडी तरी वाढणारच! आणि सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं तर तो दाबला जाऊन कधीकधी खोटाच 'लो' (म्हणजे शुगर कमी) दाखवतो, हे कुणी सांगतच नाही, मग रात्री दोनला घरभर धावपळ. घाम, थरथर काही नसेल तर आधी बोट टोचून बघावं ना. माझं म्हणणं एवढंच, पोरांनी आपल्या मोबाइलवर फक्त शुगर कमी झाल्याचा अलार्म चालू ठेवावा, आणि शेजाऱ्यांनाही त्यात जोडावं (त्यांची तयारी असेल तर), कारण साखरपाणी घेऊन तेच येणार. आणि जोडण्याआधी पेशंटला विचारा की, शरीर त्याचं आहे.

– एक वाचक, पुणे