‘अवैध नाव’ हे शब्द बदलणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सभासद अर्जातील ‘संपूर्ण नाव’ हा रकाना आपण मागच्या आठवड्यात दुरुस्त करून दिलात. आभार मी त्याच दिवशी फोनवर मानले होते. पण जे खरोखर सांगायचे होते ते बोलताना घशातच अडकले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लक्ष्मीबाई आमच्या कित्येक वर्षांच्या वाचक. सभासदत्वाचे नूतनीकरण आता ऑनलाइन करायचे म्हणून नातवाचा मोबाइल घेऊन त्या माझ्या टेबलासमोर बसल्या, एकेक अक्षर शोधत त्यांनी आपले नाव लिहिले आणि रकान्याखाली लाल अक्षरांत उमटले, ‘अवैध नाव’. त्यांनी ते पुसून पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उमटले. “माझं नावच चुकीचं आहे का हो?” असे त्यांनी मला विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्यांनी हा अर्ज तयार करून दिला होता, त्यांना मी तीन वेळा कळवले होते. “नाव इंग्रजीत लिहायला सांगा,” एवढेच उत्तर दर वेळी मिळाले. मराठी ग्रंथालयाच्या वाचकाने आपले नाव मराठीत लिहू नये, असे त्यांना कसे सांगवले, हे मला अजून समजत नाही आणि तो राग अजून ओसरलेला नाही.

आपण फॉर्म बिल्डरमध्ये, म्हणजे अर्ज तयार करण्याच्या साधनात, तो रकाना निवडलात, त्याच्या गुणधर्मांची चौकट उघडलीत आणि पडताळणीच्या नियमाकडे बोट दाखवलेत. तेथे इंग्रजी अक्षरांखेरीज देवनागरीतला फक्त ‘अ ते ह’ एवढाच पल्ला दिलेला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या पल्ल्यात स्वर आणि व्यंजने येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह बाहेरच राहतात. म्हणूनच ‘कमल’ आणि ‘शरद’ ही नावे बिनतक्रार स्वीकारली जात होती आणि लक्ष्मीबाई मात्र दारातच अडत होत्या. आपण देवनागरीचा १२८ जागांचा संपूर्ण गट त्या नियमात घेतलात. कमाल लांबीही वाढवलीत, कारण आपल्या डोळ्यांना ‘लक्ष्मीबाई’ हे नाव चार अक्षरांचे दिसत असले, तरी संगणक त्यात १० चिन्हे मोजतो, हे आपण मला कागदावर एकेक चिन्ह सुटे लिहून दाखवलेत. तो कागद मी जपून ठेवला आहे.

काम तेवढ्यावर झाले होते. पण चौकट बंद करण्याआधी आपली नजर त्रुटीच्या संदेशावर गेली. ‘अवैध नाव’ हे शब्द आपण पुसलेत आणि ‘नाव देवनागरीत लिहा’ असे लिहिलेत. मग क्षणभर थांबून ‘लिहा’ काढलेत आणि ‘कृपया आपले नाव देवनागरीत लिहावे’ असे केलेत. हे करायला आपल्याला कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते सुचले नव्हते. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याचा मान आपण त्या एका ओळीत राखलात. नियमातील चूक दुसऱ्या कोणा जाणकारालाही सापडली असती. हे मात्र ज्याच्या अंगी माणुसकी मुरलेली असते, त्यालाच सुचते. अशी माणसे आपल्या कामाचा गाजावाजा करत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी कोणीतरी लिहायला हवे असे मला मनापासून वाटते.

काल लक्ष्मीबाई पुन्हा आल्या. त्यांनी स्वतः, कोणाचीही मदत न घेता, आपले पूर्ण नाव लिहिले आणि अर्ज पुढे गेला. पुढच्या वेळी माहेरी याल तेव्हा ग्रंथालयात अवश्य यावे. त्यांना आपल्याला भेटायचे आहे.

आपला कृतज्ञ,
ग्रंथपाल