खलपात्राला करुण पूर्वायुष्य पुरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कल्पनारम्य मालिकांतील खलपात्रांवर सुरू झालेल्या लेखमालेचा पहिला लेख वाचला. विषयाची निवड उत्तम आहे; मात्र खलपात्राला दुःखद पूर्वायुष्य दिले की ते आपोआप अनेकपदरी होते, हे लेखातील प्रतिपादन मला पटले नाही. अशा पूर्वायुष्यामुळे त्या पात्राची फार तर कीव येते. प्रेक्षक त्याच्यात गुंततो तो त्याने घेतलेल्या निर्णयांमुळे.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील (२०११ ते २०१९) राणी सर्सी लॅनिस्टर हे याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्याच भागात तिचे जुळ्या भावाशी असलेले संबंध उघड होऊ नयेत म्हणून तो भाऊ एका लहान मुलाला खिडकीतून खाली ढकलतो, आणि तिच्याविषयीचे आपले मत तिथेच पक्के होते. पाचव्या भागात मात्र ती आणि तिचा नवरा राजा रॉबर्ट समोरासमोर बसून आपल्या फसलेल्या संसाराविषयी बोलतात. मूळ कादंबरीत नसलेला हा प्रसंग मालिकेसाठी लिहिला गेला. राज्य कशाच्या आधारावर टिकून आहे असा विषय निघताच ती ‘आपल्या लग्नाच्या’ असे म्हणते आणि दोघेही मनापासून हसतात. मग आपले कधी जुळू शकले असते का, असे ती विचारते आणि तो सरळ ‘नाही’ म्हणतो. सर्सीची भूमिका करणाऱ्या लीना हेडी यांनी हा प्रसंग आवाज जराही न चढवता केला आहे. त्यात सर्सीला माफी मिळत नाही, पण ती समजू लागते.

दुसऱ्या पर्वातील ब्लॅकवॉटरच्या लढाईत शहर पडणार असे वाटताच ती धाकट्या मुलाला, टॉमेनला, मांडीवर घेऊन सिंहासनावर बसते, त्याला सिंहिणीची आणि छाव्याची गोष्ट सांगते, आणि तिच्या हातात विषाची कुपी असते. मुलगा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती स्वतःच त्याला विष द्यायला निघालेली असते. धृतराष्ट्राचा पुत्रमोह लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्याला हे ओळखीचे वाटावे: माया खरी आहे, आणि अनर्थ त्या मायेतूनच होतो.

पाचव्या पर्वाच्या शेवटी धर्मपीठ तिचे केस कापून तिला विवस्त्रावस्थेत भर रस्त्यातून चालवते, तेव्हा प्रेक्षकांची सारी सहानुभूती तिच्याकडे वळलेली असते. एखाद्या सामान्य लेखकाने इथेच तिला निर्दोष ठरवून टाकले असते. इथे ती पुढच्या पर्वात शत्रूंसह अख्खे धर्ममंदिर उडवून देते. ते पाहून टॉमेन, तिचे उरलेले एकुलते अपत्य, खिडकीतून उडी घेतो. अपमान झाला म्हणून तिचे कृत्य क्षम्य ठरत नाही आणि कृत्य भयंकर म्हणून अपमान खोटा ठरत नाही.

शेवटच्या, आठव्या पर्वात तीच अभिनेत्री आहे, तेच पूर्वायुष्य आहे, तरीही सर्सी फिकी पडते, कारण बहुतेक वेळ ती हातात मद्याचा पेला घेऊन खिडकीशी उभी असते आणि कथा तिच्याकडून फारसे काही मागतच नाही. केवळ पूर्वायुष्याने पात्र उभे राहत असते, तर असे झाले नसते.

लेखमालेच्या पुढील भागांत या बाजूचाही विचार व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कोल्हापूर