बोल तोंडपाठ, पण लेखीत नापास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला तबला शिकवतो. माझ्याकडच्या 13 वर्षांच्या एका मुलासाठी हे पत्र लिहितो आहे. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे लिहिण्या-वाचण्यातली अडचण, आहे. यंदाच्या तबल्याच्या परीक्षेत परीक्षकांनी त्याला झपतालाची, म्हणजे 10 मात्रांच्या तालाची, दुगुन (दुप्पट लयीत) हातावर म्हणायला सांगितली. टाळी आणि खाली (जिथे टाळी न देता हात नुसता फिरवतात ती मात्रा) दाखवत त्याने ती न अडखळता म्हटली. लेखी पेपरात तोच झपताल कागदावर मांडायचा होता. तिथे ‘धी’ या बोलाचा ‘घी’ झाला, ‘ती ना’ची जागा हुकली, विभागाची रेघ भलत्याच मात्रेपुढे पडली. प्रात्यक्षिकात उत्तम आणि लेखीत नापास. निकालाच्या दिवशी त्याची आई म्हणाली, “गुरुजी, पोऱ्या तोंडे बठ्ठं सांगस, पन लिखाले बसना का रडाले लागस.”

ही मुले आळशी नसतात, मंद तर नसतातच. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालताना त्यांची दमछाक होते. त्यात तबल्याच्या बोलांत ‘ध’ आणि ‘घ’ सारखे शेजारी येतात. शिवाय आपल्याकडे संगीत लिहिण्याच्या पद्धती, म्हणजे स्वरलिपी, दोन. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब म्हणजे तार (वरचे) सप्तक, पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्राचे (खालच्या सप्तकाचे). एकीकडे फुलीची खूण म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा), दुसरीकडे अधिकची खूण म्हणजे खाली. धडधाकट वाचणारा विद्यार्थीही इथे चुकतो, मग या मुलांचे काय होत असेल?

क्लासमध्ये आम्ही शेंगांवर ताल शिकतो. जमिनीवर 2, 3, 2, 3 असे दाणे मांडायचे आणि सहाव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, रिकामे टरफल ठेवायचे. या मुलाने पहिल्याच दिवशी झपताल बिनचूक मांडला, मग कुणी न सांगता एकतालाच्या 12 मात्राही. वहीत लिहिताना एका ओळीत एकच विभाग, मोठे अक्षर, सम लाल पेन्सिलीने. एवढ्याने निम्म्या चुका कमी झाल्या. परीक्षेच्या कागदावर मात्र यातले काहीच चालत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावी-बारावीला आपले राज्य मंडळ अशा मुलांना जादा वेळ आणि लेखनिक देते. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या नियमांतही डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी जादा वेळाची आणि रंगीत कागदाची सोय आहे. आमच्या केंद्रावर मी विचारले, तेव्हा “अर्जात तसा रकाना नाही” एवढेच उत्तर मिळाले.

तो रकाना छापा, हीच सर्व संगीत परीक्षा मंडळांना माझी कळकळीची विनंती. जादा वेळ द्या, लेखनिक द्या, आणि प्रवेशिका-मध्यमा या परीक्षांपर्यंत तरी संगीतशास्त्राचे प्रश्न तोंडी विचारा. खालच्या परीक्षांना शिक्षकाचे पत्र पुरेसे धरा. प्रमाणपत्रासाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारताना मजुरी करणाऱ्या आईबापांचा रोज बुडतो. याने परीक्षेचा दर्जा उतरेल, असे काही सहकारी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. गुण फुकट द्या, असे मी म्हणतच नाही. त्याला ताल येतो की नाही, हे पाहा. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवल्या, म्हणून आज आपल्या हाती आहेत.

हा मुलगा पुन्हा परीक्षेला बसणार आहे. पुढच्या सत्राचे अर्ज निघण्याआधी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संगीत शिक्षकांनी आपापल्या केंद्रावर ही मागणी लेखी द्यावी. माझा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला आहे.

आपला,
एक तबला शिक्षक, अमळनेर