जंगलातून आल्यावर तुला लिहितेय

प्रिय सखे,

तुझे सगळे मेसेज वाचले गं, उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. तिकडे 21 दिवस फोनच नव्हता आणि परत आल्यावर फोन हातात घ्यावासाच वाटेना. पण तुला सांगितल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून आज लिहायला बसलेय.

तुला तर माहितीये मी कशी झाले होते. आई गेल्यापासून घरात कोणी काही बोललं की दार आपटायचं, निघून जायचं. दोनदा तर रात्रभर बाहेर राहिले, आणि दुसऱ्यांदा बाबा तुझ्या दारात येऊन रडले होते, ते तू मला कितीतरी उशिरा सांगितलंस. पलंगाखाली भरलेली बॅग कायम असायची. म्हणून तर बाबांनी या जंगलातल्या कॅम्पला घातलं, आणि मी गेले ते फक्त घरातून सुटायला मिळतंय म्हणून.

आम्ही सात मुली आणि एक ताई. पाठीवर सॅक आणि दिवसभर चालणं. पहिले चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी एक नियम होता, जोडीदाराचे पाय बघायचे, कुठे लाल झालंय का, फोड येतोय का, आणि यायच्या आधीच तिथे टेप लावायची, कारण एकीचा पाय गेला की सगळ्यांचं चालणं थांबतं. माझी जोडीदार ग्रुपमधली सगळ्यात धाकटी, तिने माझा चिखलाने भरलेला पाय सरळ मांडीवर घेतला आणि पुसायला लागली, मी पाय ओढून घेतला तर म्हणाली, हलू नको ना ताई, टेप वाकडी लागते. खरं सांगू, आई गेल्यापासून मला असं कोणी हात लावला नव्हता. मी तोंड फिरवून बसले.

आणि तरीही नवव्या दिवशी तिच्याशीच भांडले. कारण काय, तर भांडं कोणी घासायचं. डोकं फिरलं आणि नेहमीसारखी निघाले, सॅक तिथेच टाकून. वीसेक मिनिटं तावातावाने चालले असेन, वर धुकं उतरलं, पाऊस सुरू झाला, आणि मागे वळून बघते तर पायवाट नाही. सगळीकडे सारखीच झाडं.

ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हरवलात की थांबायचं. 1981 साली कॅलिफोर्नियाच्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला, तो चालत राहिला आणि सापडला तेव्हा उशीर झाला होता, त्यानंतर तिथे लहान मुलांना शिकवायला लागले की हरवलास तर एका झाडाला मिठी मार आणि तिथून हलू नको. मी तेव्हा वाद घातला होता, की 1971 मध्ये ती युलियाने कोपके विमानातून पेरूच्या जंगलात पडली, 17 वर्षांची, माझ्याच वयाची, ती 11 दिवस चालली म्हणूनच वाचली ना? (तिची आईही त्याच विमानात होती गं, ती नाही वाचली. हे मला आधीपासून माहीत होतं, पण मी बोलले नाही.) ताई म्हणाली, तिला वरून कोणी बघू शकत नव्हतं, झाडी इतकी दाट, आणि पाण्याच्या कडेने गेलं की माणसं सापडतात हे तिला वडिलांनी शिकवलेलं होतं. तुला शोधायला तर माणसं निघणार आहेत, तू जितकी चालशील तितकी त्यांच्यापासून लांब जाशील.

हे सगळं आठवत होतं तरी पाय थांबेनात. आयुष्यभर निघून जायचीच सवय, थांबायची कुठे आहे. शेवटी एका झाडाच्या बुंध्याशी पाला गोळा केला, खालची जमीन अंगातली ऊब ओढून घेते म्हणून, आणि त्यावर बसले. शिट्टी गळ्यात होती. तीनदा वाजवायची, मिनिटभर ऐकायचं, परत तीनदा. पण मी किती तरी वेळ वाजवलीच नाही. वाजवली आणि कोणी आलंच नाही तर, याची भीती अंधारापेक्षा मोठी होती, हे मी फक्त तुलाच सांगतेय.

मग वाजवली. रडत रडत, ओठ थरथरत होते त्यामुळे नीट फुंकही जात नव्हती. अंधार झाला. किती वेळाने माहीत नाही, लांबून तीन शिट्ट्या ऐकू आल्या.

सगळ्या आल्या होत्या गं, ताईच्या मागे एका रांगेत, एकमेकींच्या सॅकला धरून. कोणी ओरडलं नाही. माझी थरथर तोपर्यंत कमी झाली होती, मला वाटलं बरं वाटतंय, पण ताईचा चेहराच बदलला, अंग गरम न होता थरथर थांबणं वाईट असतं म्हणे. ओले सुती कपडे काढले, कोरडे घातले, दोन स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळलं, गरम साखरपाणी घोट घोट पाजलं. धाकटी रात्रभर मला चिकटून झोपली, आणि तिचे कोरडे मोजे माझ्या पायात होते. ती त्या रात्री अनवाणी पायाने स्लीपिंग बॅगमध्ये शिरली होती हे मला सकाळी कळलं.

उरलेले बारा दिवस भांडी मीच घासली, कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी आम्ही सात जणी एकमेकींचे पाय बघत बसलो, काही लागलेलं नसतानाही.

आता घरचं. परवा बाबांशी जोरात वाजलं, आईच्या कपाटावरून. मी दारापर्यंत गेले, चप्पल घातली, आणि मग जिन्यातच बसले. बॅग आता पलंगाखाली नाहीये, तरी हात तिकडे गेला होता हे कबूल करते. बऱ्याच वेळाने बाबा बाहेर आले, काही न बोलता शेजारच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, मला वाटलं गेलीस. मी म्हटलं, नाही, इथेच बसलेय. मग आम्ही दोघं आत गेलो आणि ते कपाट एकत्र उघडलं.

तुझ्यासाठी तिची ती निळी शाल बाजूला काढून ठेवलीये, तुला आवडायची ना. येशील तेव्हा ने. लवकर ये.

तुझीच

मी