न विचारलेल्या प्रश्नाबद्दलही आभार

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

आपण कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक होता, हे ठाऊक असल्यामुळेच मी आपल्याकडे आले. आपण एकतर ‘संसार मोडू नकोस’ म्हणाल किंवा ‘मनाचा कौल घे’ म्हणाल, अशी माझी अटकळ होती. आपण दोन्ही म्हणाला नाहीत, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातील आमच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एकांकिकांच्या दिवसांतला मित्र भेटला, व्हॉट्सॲपवर रात्री उशिरापर्यंत बोलणे सुरू झाले, आणि ज्या संसारात भांडण नाही, व्यसन नाही, पैशाची ओढाताण नाही, तोच मला अपुरा वाटू लागला. बोट ठेवावे असे काही नसताना हे सांगायचे तरी कोणाला? आईला सांगितले असते तर तिने माझी दृष्ट काढली असती.

आपण आधी कायदा सांगितला. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार किमान वर्षभर वेगळे राहावे लागते, अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा थांबा योग्य प्रकरणी माफ होऊ शकतो. यात धाक नव्हता. उलट, वाट बंद नाही हे कळल्यावर माझी निघण्याची घाईच ओसरली.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक येतात, हे मानसशास्त्राचे निरीक्षणही आपण सांगितले. त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, कारण माझ्या इतक्या खासगी ओढीला पाठ्यपुस्तकात जागा असावी हे मला रुचले नव्हते.

सर्वांत उपयोगी पडला तो आपला प्रश्न : तो भेटलाच नसता, तर यातल्या कोणत्या तक्रारी उरल्या असत्या? मी कागद घेऊन बसले तेव्हा बऱ्याच गोष्टी आपोआप गळाल्या, कारण रात्री गप्पा मारणाऱ्या मित्राची तुलना मी सकाळी गॅस सिलिंडरची नोंदणी करणाऱ्या नवऱ्याशी करत होते. तरीही दोन तक्रारी उरल्या. लग्नानंतर माझे नाटक सुटले ते कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि घरातले बोलणे हप्ते, सोसायटी व मुलीचा क्लास यांपलीकडे जाईनासे झाले. या दोन्ही जुन्या होत्या आणि दोन्ही नवऱ्यापुढेच मांडायच्या होत्या.

‘कबुलीजबाब देऊ नकोस, हवे ते माग,’ हे आपले म्हणणे मी अर्धेच ऐकले, मित्राबद्दलही सांगितले. ते दुखावले आणि काही दिवस घरात अबोला होता. मित्राशी संपर्क तोडण्याचा आपला सल्ला मात्र मी मानला नाही, फक्त रात्रीचे बोलणे बंद केले, आणि तेवढे पुरले असे मला आजही वाटते.

त्यानंतर जिन्यात कितीदा भेट झाली, पण ‘पुढे काय झाले’ असे आपण एकदाही विचारले नाही, याबद्दल वेगळे आभार. म्हणून स्वतःहून कळवते : आम्ही एकत्र आहोत, बोलणे अजून अडखळतच होते, आणि राज्य हौशी नाट्य स्पर्धेसाठी मी एका संघात छोटी भूमिका घेतली आहे. तालमीच्या दिवशी स्वयंपाक कोणी करायचा, यावर सध्या आमचा रीतसर वाद चालू आहे.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण