फवारणीची खबर आदल्या दिवशी मिळावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची चार एकर जमीन आहे आणि गेली नऊ वर्षे मी शेतीच्या जोडीने मधमाश्या पाळतो. थंडी सरता सरता आमच्या भागात कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले फुलांचे दांडे, फुलावर येतात, तेव्हा बियाणे घेणारे शेतकरी माझ्या पेट्या भाड्याने नेऊन बांधावर ठेवतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेणारे कोणीतरी लागते, आणि हे काम मुख्यतः मधमाशीच करते. यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका शेतात ठेवलेल्या माझ्या वीस पेट्यांपैकी चौदा पेट्यांतील बाहेर फिरणारी माशी एका दिवसात मेली. त्यासंबंधी हे पत्र आहे.

शेजारच्या शेतात उशिरा पेरलेल्या हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी झाली. वेळ सकाळी दहाची, म्हणजे डोंगळ्यावर माशीची वर्दळ ऐन भरात असतानाची, आणि वारा आमच्या बाजूचा. विषबाधा झालेली माशी जागच्या जागी मरतेच असे नाही. ती कशीबशी पेटीपर्यंत येते, जमिनीवर गरगर फिरते, सोंड बाहेर काढून थरथरते, आणि दारातल्या पहारेकरी माश्या तिला आत घेत नाहीत. संध्याकाळी पेट्यांपुढच्या मेलेल्या माश्या मी सुपाने भरल्या. राण्या वाचल्या होत्या, पिल्लेही होती. परंतु मकरंद आणि पराग आणणारी पिढीच गेल्यावर पिल्लांना खाऊ घालणार कोण आणि ऊब देणार कोण? पुढच्या पंधरा दिवसांत त्यांतल्या नऊ वसाहती संपल्या.

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बांधापलीकडे पेट्या ठेवल्या आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते, त्यात मीही आलो. फवारणारा मजूर सकाळीच मिळतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी शेतात थांबायला कोणी तयार होत नाही, हेही मला ठाऊक आहे. मात्र आदल्या रात्री मला एक फोन आला असता, तर पेट्यांची दारे जाळीने बंद करून आणि वर ओले गोणपाट टाकून मी दिवसभर माशी आत ठेवली असती, किंवा रातोरात टेम्पोने पेट्या दुसरीकडे हलवल्या असत्या. (हा उपाय फेब्रुवारीतला, एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात दिवसभर बंद ठेवलेली पेटी गुदमरून मरते.) नुकसानीचा पंचनामा व्हावा म्हणून मी खेटे घातले, तर पीक, जनावर आणि घर यांचे रकाने निघाले, परंतु माशी कोणत्याच रकान्यात बसेना.

औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाबद्दलही लिहिले पाहिजे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा अशा रंगांवरून शेतकरी औषधाची तीव्रता ओळखतो आणि लालापेक्षा निळा सौम्य समजून निर्धास्त होतो. पण हे रंग उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरील चाचण्यांवरून ठरतात. माणसाला किती धोका आहे याचा अंदाज त्यावरून येतो, माशीचा त्यात विचार नसतो. माशीला जपण्याची सूचना असलीच तर ती आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरात असते, आणि ते पत्रक बहुधा दुकानाच्या दारातच पडते. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही औषधे तर झाडात भिनून पराग आणि मकरंदापर्यंत पोहोचतात. याच कारणाने युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातील वापर थांबवला. आपल्याकडे ती उद्याच बंद करा, असे मी म्हणत नाही. विकणाऱ्याने फुलोऱ्यात हे मारू नका एवढे तोंडी सांगावे, इतकीच अपेक्षा आहे.

सेंद्रिय शेतकऱ्याचे दुखणे याच जातीचे, मात्र अधिक लांबणारे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकांसाठी जमीन दोन वर्षे आणि फळबागेसाठी तीन वर्षे रूपांतरणाखाली, म्हणजे रसायनांविना, ठेवावी लागते. यावल तालुक्यातील माझ्या मेहुण्यांनी ही मुदत काढली, बांधालगत शेवरी आणि एरंड लावून पट्टा सोडला आणि त्या पट्ट्यालगतचा माल साध्या भावाने विकला. एवढे करूनही शेजारच्या शेतातील ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा त्यांच्या मुगावर आला, तपासणीत अंश सापडला आणि खरेदीदाराने माल परत केला. म्हणजे विष दुसऱ्याचे, आणि ते अडवण्यासाठी जमीन सोडायची ती मात्र आपली. ज्याच्या कपाशीची पाने शेजारच्या टू-फोर-डी या तणनाशकाच्या वाऱ्याने आकसली आहेत, त्या रासायनिक शेती करणाऱ्यालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

केळीला फळ धरण्यासाठी माशी लागत नाही, म्हणून आमच्या केळीपट्ट्यात मधमाशीचा विषय सहसा निघत नाही. पण त्याच पट्ट्यात टरबूज, खरबूज, काकडी आणि कांद्याचे बियाणेही पिकते, आणि ही पिके माशीविना पुरती भरत नाहीत. शिवाय माझ्या पेट्यांना निदान मालक तरी आहे. पाण्याच्या टाकीवर आणि जुन्या वडावर पोळी धरणाऱ्या आग्या माशीचे, किंवा बोरी-बाभळीत पोळे बांधणाऱ्या फुलोरीचे काय होते, याची नोंद कोण ठेवतो? सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल कुटुंबे आग्याचा मध पिढ्यान्‌पिढ्या काढत आली आहेत. ती माशी मेली तर तक्रार घेऊन येणारा कोणी नाही.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीची जाहीर सूचना किमान २४ तास आधी द्यावी असे सांगितले आहे. पाठीवरच्या पंपाने किंवा ब्लोअरने होणाऱ्या फवारणीला तसे बंधन नाही, आणि आमच्याकडची बहुतेक फवारणी याच प्रकारची असते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ग्रामपंचायतीने आपल्यापुरता ठराव करण्यास हरकत नसावी. गावाच्या शिवारात पेट्या कोणत्या गटात आहेत आणि सेंद्रिय शेती कोणाची आहे, याची यादी सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) पंचायतीच्या फलकावर लावावी. फुलोऱ्यातील पिकावर किंवा त्याच्या शेजारी फवारायचे असेल, तर आदल्या दिवशी गावच्या व्हॉट्सॲप गटावर तसे कळवावे. फवारणी शक्यतो माशी पेटीत परतल्यावर, दिवस मावळतीला, करावी. बिबट्यामुळे जेथे ते शक्य नाही, तेथे खबर तरी नक्की द्यावी.

कपाशीवरील फवारण्या सुरू होण्याआधी आमच्या गावच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या गावांनी अशी काही पद्धत आधीच पाडली असेल, त्यांनी आपल्या दैनिकातून ती कळवावी, म्हणजे आमच्या ठरावाचा मसुदा करताना तिचा उपयोग होईल.

आपला,
एक मधपाळ शेतकरी
ता. चोपडा, जि. जळगाव